विषाची वाट

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना १९८०च्या आसपास एक आजार वरचेवर भेटायचा. आईच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. पोट फुगलेलं, भूक मेलेली, सारखी किरकिर. तपासायला हात लावला की यकृत वाढलेलं आणि टणक लागायचं. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा काही महिन्यांतच मृत्यू. आजाराच्या नावातच भारत होता: इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. एकाच घरात पाठोपाठच्या भावंडांना तो व्हायचा, त्यामुळे हा दोष रक्तातूनच येतो, असं पुष्कळ डॉक्टरांनाही वाटत असे. घरच्यांना तर दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता.

मग या मुलांच्या यकृतात तांबं सापडलं, आणि तेही नेहमीच्या कित्येक पट. पुण्याचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हे तांबं कुठून येतं याचा माग काढायला सुरुवात केली. त्यांनी आजारी मुलांच्या घरचा आहार नीट विचारून घेतला. मूल अंगावर किती दिवस प्यायलं, वरचं दूध कधी सुरू झालं, ते कशात तापवलं, कशात ठेवलं? उत्तर पितळी पातेल्यापाशी येऊन थांबलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध तापवून तसंच ठेवलं, तर दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात आणि ते थेट बाळाच्या पोटात जातं. मोठ्या माणसाचं शरीर जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. चार-सहा महिन्यांच्या बाळाला ते तितकं जमत नाही. ज्यांचं अंगावरचं दूध लवकर तुटलं आणि वरचं लवकर सुरू झालं, अशा मुलांना धोका जास्त होता. १९८३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

यानंतर डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यातल्या घरांना जो सल्ला दिला, तो औषधाच्या चिठ्ठीत मावणारा नव्हता: बाळाचं दूध पितळेत तापवू नका, ठेवू नका. त्याच काळात स्टेनलेस स्टीलची पातेली घरोघर पोचत होती. काही वर्षांतच हा आजार इतका विरळ झाला, की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो. काही मुलांत आनुवंशिक नाजूकपणाही असावा, असं अभ्यासक मानतात. पण तो नाजूकपणा पातेलं बदलल्यावर फारसा कुणाच्या जिवावर उठला नाही, हे महत्त्वाचं.

आजाराच्या नावात भारत असला तरी तो एकट्या भारताचा नव्हता. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने १३८ बालकं दगावल्याची नोंद १९९६मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात, पाणी आणि साखर घालून तापवत. कारखान्यात बनलेली भांडी आली आणि आजार गेला.

घरातल्या विषांबद्दल आज इतकं बोललं जातं, की ऐकणाऱ्याला धडकी भरावी. पाण्यात विष, भाजीत विष, हवेत विष. आणि मग त्यावर उतारा म्हणून शरीर ‘आतून स्वच्छ’ करणारे काढे, चूर्णं, हिरवे रस, तळपायाला चिकटवायच्या पट्ट्या विकल्या जातात. यकृत आणि मूत्रपिंडं हे काम अहोरात्र करतच असतात. त्यांच्या जोडीला बाटलीतला रस लागत नाही. त्यांना मदत करायची, तर त्यांच्यावर पडणारा भार कमी करायला हवा. पितळी पातेल्याच्या गोष्टीत नवं काहीही पोटात घ्यावं लागलं नाही. विष ज्या वाटेने येत होतं ती वाट सापडली आणि बंद झाली. रोजच्या आयुष्यातल्या बहुतेक विषांना हाच न्याय लागू पडतो, आणि त्यातल्या बऱ्याच वाटा एका पैशाच्या खर्चाविना बंद करता येतात.

भांड्यांपासूनच सुरुवात करावी. पितळ आणि तांबं अलीकडे हौसेने घरात परतलं आहे. पितळी कढईतली भाजी, तांब्याच्या बाटलीतलं पाणी. साधं पाणी तांब्यात ठेवायला हरकत नाही. आंबट पदार्थ मात्र तांब्या-पितळेला लागता कामा नये: ताक, चिंचेची आमटी, सोलकढी, लिंबाचं सरबत. आजी ‘ताक कळकलं’ म्हणून ते ओतून द्यायची, ते अगदी बरोबर होतं. आंबटाने धातू विरघळतो, चव बिघडते आणि ओकाऱ्या होऊ शकतात. पितळेत शिजवायचं असेल तर आत कल्हई हवी. पूर्वी कल्हईवाला भाता लावून, भांडं तापवून, नवसागराची चिमूट टाकून कथलाचा हात फिरवायचा आणि काळवंडलेलं पातेलं चांदीसारखं लखलखायचं. आता असे कारागीर शोधावे लागतात. सापडला, तर त्याला शुद्ध कथलाचीच कल्हई करायला सांगावं. कथलात स्वस्त शिसं मिसळलं, तर भांडं तसंच चमकतं, पण पितळेपासून वाचवणारा थरच विषारी होतो. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. कारागिराची खात्री नसेल, तर रोजच्या स्वयंपाकाला स्टील किंवा बिडाची कढई घ्यावी आणि पितळ सणावाराच्या पूजेला ठेवावं.

शिशाची आणखी एक वाट अलीकडेच समोर आली. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरात निर्वासित कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त का आढळतं, याचा शोध तिथल्या आरोग्य खात्याने घेतला. तेव्हा भंगार वितळवून ओतलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी संशयात सापडली. त्यात भारतात ‘हिंडालियम’ म्हणून विकली जाणारी भांडीही होती. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा आयात भांड्यांबाबत ग्राहकांना जाहीर इशारा दिला. भारतातून परदेशी मुलाबाळांकडे जाताना सामानात एखादी कढई किंवा पातेलं नेणारी घरं महाराष्ट्रात थोडी नाहीत. जिथे धातू कुठून आला हे दुकानदारालाही सांगता येत नाही, असं जाड, खडबडीत ओतीव भांडं ना इथल्या चुलीवर चढवावं, ना तिथल्या.

शिशाची इतकी धास्ती कशासाठी? कारण ते मुलांच्या मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं आणि त्याची ‘इतकं चालेल’ अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं. त्यातली २७ कोटींहून अधिक मुलं भारतातली आहेत. रांगतं मूल जमिनीवरचा हात दिवसातून शेकडो वेळा तोंडात घालतं, म्हणून घरातली धूळ ही त्याच्यासाठी एक वाटच असते. जुन्या रंगाचे पोपडे, रस्त्यावरून चपलांबरोबर आलेली माती, बॅटरी किंवा भंगाराच्या कामावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवरची भुकटी, सगळं त्या धुळीत असतं. चपला दाराबाहेर काढून पाय धुऊन आत यायचं, कोरडी झाडलोट कमी करून ओल्या फडक्याने पुसायचं, आणि भंगाराच्या किंवा रंगाच्या कामावरचे कपडे वेगळे धुवायचे. मराठी घरांत यातल्या पहिल्या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. त्या फक्त सोवळं किंवा टापटीप म्हणून होत होत्या. आता त्यांना आणखी एक भक्कम कारण मिळालं आहे. लोह आणि कॅल्शियम कमी पडलेलं शरीर शिसं अधिक शोषतं, म्हणून मुलाच्या ताटातली नाचणी, पालेभाजी, डाळ आणि दूध हेही या बाबतीत संरक्षणच आहे.

हवेची गोष्ट वेगळी, कारण तिथे विष आपण स्वतःच्या हाताने पेटवतो.

संध्याकाळी डास वाढले की दारंखिडक्या बंद करून पलंगाखाली कॉइल लावली जाते आणि घरातली सगळी माणसं रात्रभर त्याच धुरात झोपतात. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, असं आढळलं. फॉर्मॅल्डिहाइड या वायूचं प्रमाण काही कॉइलमध्ये ५१ सिगारेटींइतकं होतं. ज्या घरात आयुष्यभर कुणी विडी ओढली नाही, त्या घरातल्या बाळाच्या छातीवर हा भार पडतो. डासांवर धुराविना इलाज आहेत आणि ते जास्त भरवशाचे आहेत. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी. त्याहून मोठा इलाज म्हणजे आठवड्याचा ‘कोरडा दिवस’: पिंप, हौद, फ्रिजमागची थाळी, कुलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, सगळं एकदा पूर्ण रिकामं करून घासायचं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी मोडलं की डासांची एक अख्खी पिढी मोडते. हिवतापाच्या आणि डेंगीच्या काळात आरोग्य कर्मचारी दारोदार हेच सांगत फिरतात. अनेक घरं मान डोलावतात आणि कॉइलचं पाकीट आणतात. हा हिशेब घराघराने पुन्हा एकदा मांडायला हवा.

उदबत्तीविषयी बोलताना जपून बोलावं लागतं, कारण ती देवापुढे जळते. तरीही मोजमाप सांगायलाच हवं: एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण हवेत जातात, सिगारेटच्या एका ग्रॅममागे सुमारे १०. देवाला एक उदबत्ती दाखवून, खिडकी उघडी ठेवून, ती अंगणात किंवा गॅलरीत नेऊन ठेवली तर भक्तीत काही उणं होत नाही. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा गर्भवती असेल, तर निरांजन आणि ताजी फुलं पुरेशी आहेत. बंद गाभाऱ्यात दिवसभर बसणाऱ्या पुजाऱ्याच्या फुप्फुसांची काळजी मात्र अजून फारसं कुणी घेतलेली नाही.

दिवाळीत मुलांच्या हाती सगळ्यात निरुपद्रवी म्हणून काय देतात? सापाची गोळी. आवाज नाही, ठिणगी नाही, उडणं नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण याच गोळीने सोडले. एका घनमीटरमागे जवळजवळ ६४,५०० मायक्रोग्रॅम! भारतात बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. हजारांच्या माळेचं मोजमाप ३८,५४०, तर फुलबाजीचं १०,३९०. आणि मोठ्या फटाक्यापासून माणूस दूर पळतो, तर गोळीवर मूल वाकून पाहत असतं. साप कसा वळवळत बाहेर येतो हे बघायला त्याचं तोंड धुराच्या अगदी वर असतं. दिवाळीच्या यादीतून एकच वस्तू काढायची असेल, तर ती ही काढावी.

गावाकडे गॅस आला तरी आंघोळीचं पाणी बंबात किंवा चुलीवरच तापतं. ती चूल मागच्या अंगणात, उघड्यावर असेल तर निम्मं काम झालं. सिगारेट कधीही न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, का होतो, याची सविस्तर मांडणी पुण्याच्याच डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. त्यात लाकूड, शेण, काटक्या यांच्या धुराला मोठी जागा होती. शहरात हीच आंघोळ वेगळ्या तऱ्हेने जिवावर बेतते. छोट्या बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. चक्कर आली हे समजेपर्यंत पायातली ताकद गेलेली असते. मुंबई, पुणे, नाशिकमध्ये दर काही महिन्यांनी अशा मृत्यूची बातमी येते. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त नळ आत आणणं हा खरा उपाय. ते होईपर्यंत बादली भरावी, गीझर बंद करावा, झरोका उघडावा आणि मगच दार लावून आंघोळीला बसावं. घरात पाहुणे आले की त्यांनाही हे आवर्जून सांगावं, कारण नवख्या माणसाला ही सवय माहीत नसते.

आता कपाट उघडू. पावसाळ्याआधी शालू, पैठण्या, लोकरी कपडे घडी घालून ठेवताना मध्ये डांबराच्या गोळ्या टाकतात. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात, आणि त्या हळूहळू लहान होतात म्हणजे त्यांचा वायू होऊन तो कपड्यांत आणि खोलीत जात असतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच ‘जी६पीडी’ नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास मुरलेली दुपटी गुंडाळली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. भारतात पारशी समाजासह अनेक समाजांत हे न्यून आढळतं, आणि नव्या बाळासाठी थोरल्या भावंडाचे ठेवणीतले कपडे काढण्याची चाल सगळीकडेच आहे. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या अजिबात नकोत. कडुनिंबाचा वाळलेला पाला, कडक ऊन आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं पुरतं. गोळ्या घालून ठेवलेले जुने कपडे असतील, तर बाळाला घालण्याआधी ते धुऊन चांगलं ऊन द्यावं.

कापराबद्दल लोकांचं मन फार मऊ आहे. सर्दी झाली की तेलात कापूर विरघळवून बाळाच्या छातीला चोळतात, कुणी पुरचुंडी गळ्यात बांधतं. पण कापूर मेंदूला विषारी आहे, आणि तो त्वचेतून आणि श्वासातूनही आत जातो. अमेरिकेतल्या ब्रॉंक्समधल्या डॉक्टरांनी २००९मध्ये तीन मुलांची नोंद केली. तिघांनाही कापरामुळे झटके आले होते. कापराची पांढरी वडी मुलाला खडीसाखर वाटते, त्यामुळे देवघरातली कापराची डबी खालच्या फळीवर ठेवू नये. सर्दीला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब यांनी भागतं. वाफेचं भांडं मुलाच्या हातापासून दूर हवं, एवढीच अट.

न्हाणीघर चकचकीत व्हावं म्हणून टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकणाऱ्यांनी लगेच थांबावं. पहिल्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, दुसऱ्यात क्लोरीन बांधलेलं असतं. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो, तोच वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला होता. घशाला झोंबणं, डोळ्यांतून पाणी, छातीत आवळणं: असं झालं तर दार उघडून बाहेर पडावं. रोजच्या फरशीला इतकं तीव्र काही लागतही नाही. आणि कुठलंही द्रव, मग ते रॉकेल असो, आम्ल असो की कीटकनाशक, पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. उन्हातून खेळून आलेलं मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचत नाही.

खाण्याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सोप्या गोष्टी सोडून देतात. गाडीवरचा गरम वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतो. तेल कागदातली शाई विरघळवतं आणि ती वड्याला लागते. त्या शाईत रंगद्रव्यं आणि खनिज तेलं असतात. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६मध्ये याबद्दल इशारा दिला आणि २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यास मनाईच केली. घरून स्टीलचा डबा नेण्याची सवय पन्नास वर्षांपूर्वी प्रत्येक खानावळीबाहेर दिसायची. ती परत आणायला काही लागत नाही. उकळता चहा आणि गरम आमटी प्लास्टिकच्या पिशवीत भरून नेणंही टाळावं, कारण तिथेही वेष्टनातलं अन्नात उतरतं. महाराष्ट्राने २०१८मध्ये पिशव्यांवर बंदी आणली तरी चहाची पातळ पिशवी टपरीवर अजून दिसते. तळणाचं तेलही याच हिशेबात धरावं. पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ‘पोलर’ संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त झालं, तर ते तेल वापरू नये असा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. घरात मोजायचं यंत्र नसतं. रंग गडद झाला, तेल चिकट झालं, कमी आचेवरच धूर यायला लागला, की ते टाकून द्यावं. त्यात नवं तेल मिसळत राहू नये.

भाज्या-फळांवरची फवारणी मात्र घरातल्या एका बादलीने पूर्ण धुऊन निघत नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचा पुष्कळसा अंश जातो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७मध्ये सफरचंदावर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं निघून गेली. पण जे सालीच्या आत शिरलं होतं, ते गेलं नाही. महागड्या ‘भाजी धुण्याच्या’ बाटल्यांची मात्र गरज नाही. आणि या विषाचा खरा घाव खाणाऱ्याच्या आधी फवारणाऱ्यावर बसतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. हातमोजे नाहीत, तोंडाला पंचा, पाठीवर गळका पंप. शहरातल्या चर्चेत ‘विषमुक्त’ अन्नाचा विचार ताटापाशी सुरू होतो. तो त्या पंपापाशी सुरू व्हायला हवा.

शरीराला थेट लावल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कित्येक बायका सकाळी मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि दातांना चोळायची. दात घासण्याच्या नावाने ती सुरू होते, मग दुपारी, रात्री, कामाच्या मध्येच हात डबीकडे जातो. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण जास्त होतं. मिश्रीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती सोडवायला कुणी मदतही करत नाही. सासूची डबी आणि सुनेची डबी एकाच कोनाड्यात असते. दवाखान्यात गर्भवतीला तंबाखूबद्दल विचारताना ‘मिश्री लावता का?’ असं वेगळं, नाव घेऊन विचारायला हवं. नुसत्या ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ती खऱ्या मनाने नाही म्हणते. हे सोडणं कठीण असतं, कारण निकोटीन धरून ठेवतं. डबी घराबाहेर, दातांना साधी पेस्ट, आणि घरातल्या दोघींनी मिळून सोडणं, इथून सुरुवात होऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा उजळवणारी क्रीम. केरळमधल्या कोट्टक्कलच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण मिळाले. त्यातल्या १५ जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार दिसला, आणि त्या १५पैकी १३ जण अशी क्रीम लावत होते. या क्रीममध्ये पारा होता. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया थांबवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. सूज आणि लघवीला फेस येणं ही त्याची लक्षणं आहेत. उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली क्रीम, मग ती कितीही खात्रीच्या पार्लरमधून मिळो, चेहऱ्याला लागता कामा नये. सावळ्या मुलीला तिच्या रंगावरून बोलणं थांबलं, तर ही बाजारपेठ आपोआप अर्धी होईल.

काही वाटा मात्र एकटं घर बंद करू शकत नाही. हळदीचं उदाहरण घ्या. बांगलादेशात १९८०च्या दशकात पुरांनंतर हळकुंडं ओलसर आणि फिकट झाली. ती पिवळीधमक दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य चोळायला सुरुवात केली, आणि तीच रीत पडली. पुढे ग्रामीण भागातल्या गर्भवतींच्या रक्तातलं शिसं कुठून येतं, हे स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी शोधलं, तेव्हा माग हळदीपर्यंत गेला. २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारने पत्रकं वाटली, बाजारात छापे घातले, तपासणी यंत्रं आणली, दंड केले. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळद दळणाऱ्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. भारतात पेट्रोलमधलं शिसं २०००मध्ये गेलं आणि घराच्या रंगातल्या शिशावर नोव्हेंबर २०१७पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा आली. हळदीसाठी १० पीपीएमची मर्यादा कागदावर आहे, तरी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटण्यातल्या काही नमुन्यांत ती शेकडो पटींनी ओलांडलेली आढळली.

घराला यात करता येण्यासारखं आहेच. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना चकाकी न दिलेली, मातकट हळकुंडं घ्यावीत आणि कांडपातून दळून आणावीत. झगझगीत पिवळी सुट्टी पूड घेऊ नये. पॅकेटवर परवाना क्रमांक पाहावा, बिल मागावं. शंका आली, तर आणखी एक दार उघडं आहे, आणि ते फार थोड्या ग्राहकांना माहीत असतं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४०नुसार सामान्य ग्राहकही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आपण तो तपासणीला देणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. नमुना नियमबाह्य निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं, आणि पुढच्या कारवाईसाठी अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) जातो.